जहाजावर रायफल हातात घेण्याआधी कंपनीचा कागद वाचा

पस्तिशी-चाळिशीत फौजेतून पेन्शन घेऊन रावेर, सावदा, फैजपूरकडे परतलेल्या माणसापुढचे नोकरीचे रस्ते ठरलेले असतात. बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन उभं राहायचं, एटीएमच्या कॅश व्हॅनवर जायचं, नाहीतर घरची जमीन असेल तर केळीत उतरायचं. अलीकडे यात आणखी एक रस्ता आला आहे आणि तो थेट मोबाइलवर येतो. 'मालवाहू जहाजावर आर्म्ड गार्ड पाहिजेत, माजी सैनिकांना प्राधान्य, पगार डॉलरमध्ये.' खाली कंपनीचं इंग्रजी नाव, एका भल्यामोठ्या जहाजाचा फोटो आणि कोपऱ्यात गोल शिक्का: 'आयएसओ सर्टिफाइड'. त्या शिक्क्याकडे कसं बघायचं, हे इथे सांगायचं आहे.

शिक्का खोटाच असतो असं माझं म्हणणं नाही. खऱ्या कंपन्या आहेत, खरी सर्टिफिकेटं आहेत आणि या कामावर इमानाने घर चालवणारी माणसंही आहेत. पण सर्टिफिकेट नेमकं कशाचं आहे, ते कोणी दिलं आहे आणि ते कुठे संपतं, हे तपासल्याशिवाय पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नका. समुद्र आपल्यापासून रात्रभराच्या गाडीइतका लांब आहे. तिथले कायदे त्याहून लांब आहेत.

हे काम आलं कुठून

२००८ च्या सुमारास सोमालियाच्या चाच्यांनी एडनच्या आखातात आणि पुढे अरबी समुद्रात व्यापारी जहाजं धरून खंडणी उकळण्याचा सपाटाच लावला. युद्धनौका गस्तीला होत्या, पण मदत येईपर्यंत चाचे शिडी लावून डेकवर चढलेले असायचे. मग जहाजमालक स्वतःच बंदूकधारी पथकं भाड्याने घेऊ लागले. आपल्या नौवहन महासंचालनालयाने, म्हणजे सगळे ज्याला डीजी शिपिंग म्हणतात त्या मुंबईतल्या कार्यालयाने, ऑगस्ट २०११ मध्ये भारतीय जहाजांनाही खासगी सशस्त्र गार्ड ठेवायची मुभा देणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने 'प्रांताले १४', 'वेगा ५' अशा धरलेल्या जहाजांवरून शंभराहून जास्त सोमाली चाचे पकडून मुंबईला आणले होते. त्यांचे खटले मुंबईच्या सत्र न्यायालयात २०१७ पर्यंत रेंगाळले.

पुढे चाचेगिरी ओसरली. जहाज उद्योगाने आखलेला हिंदी महासागरातला 'हाय रिस्क एरिया' आधी आक्रसला आणि १ जानेवारी २०२३ पासून काढूनच टाकला गेला. गार्डच्या कंपन्यांचे दिवस फिरले असं वाटत होतं. तेवढ्यात डिसेंबर २०२३ मध्ये 'एमव्ही रुएन' हे जहाज चाच्यांनी पळवलं. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने चाळीस तासांच्या कारवाईनंतर त्यावरच्या ३५ चाच्यांना शरण यायला लावलं, १७ खलाशी सोडवले आणि चाच्यांना मुंबई पोलिसांच्या हवाली केलं. या वेळी हाताशी २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा होता. १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे पळवलेलं जहाज आपल्याच दलांनी पकडलं, तेव्हा चाचेगिरीचा वेगळा कायदाच देशात नव्हता. मुंबईच्या सत्र न्यायालयाने दिलेली शिक्षा पुढे उच्च न्यायालयात टिकली नाही. एवढा इतिहास सांगितला तो अशासाठी, की समुद्रावर कोण चूक आणि कोण बरोबर याचा निकाल शेवटी कोणत्या किनाऱ्यावरचं कोर्ट कोणता कायदा लावतं यावर लागतो. चाच्याला ते लागू आहे, तसं गार्डलाही.

शिक्का कोणता?

सगळ्यात आधी आकडा बघा. जाहिरातीत नुसतं 'आयएसओ सर्टिफाइड' लिहिलं असेल तर बहुतेक लोक पुढे वाचत नाहीत आणि एजंटालाही तेच हवं असतं. 'आयएसओ ९००१' हे कोणत्याही धंद्याला मिळू शकतं. ते कामकाजाच्या गुणवत्तेचं प्रमाणपत्र आहे, बिस्किटांच्या कारखान्यालाही चालतं. 'आयएसओ १८७८८' खासगी सुरक्षेचं आहे, पण त्याची आखणी जमिनीवरच्या कामासाठी झाली. जहाजावर सशस्त्र गार्ड पुरवणाऱ्या कंपनीसाठी नेमकं मानक आहे 'आयएसओ २८००७-१', सन २०१५ चं. त्याची पहिली आवृत्ती २०१२ च्या अखेरीस आली होती. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनेच, म्हणजे आयएमओने, २०१२ मध्ये अशा कंपन्यांसाठी मार्गदर्शक परिपत्रक काढलं आणि त्याच सुमाराला हे मानक तयार झालं. ते एकटं उभं राहत नाही. पुरवठा साखळीच्या सुरक्षेचं जे मूळ मानक आहे, 'आयएसओ २८०००', त्याच्या पायावर उभं आहे. म्हणून खऱ्या सर्टिफिकेटवर साधारणपणे दोन्ही आकडे दिसतात. २८००० ची नवी आवृत्ती २०२२ ची आहे, तेव्हा कंपनी अजून २००७ च्या आवृत्तीचं जुनं सर्टिफिकेट दाखवत असेल तर तारीख नीट तपासा.

यात काय तपासलं जातं? आपल्याकडच्या ज्या शेतकऱ्यांनी युरोपच्या बाजारासाठी ग्लोबलगॅप केलं आहे त्यांना हे पटकन कळेल. तिथे तपासनीस केळीचा घड चाखून जात नाही. फवारणीची वही बघतो, औषधाच्या खोलीला कुलूप आहे का बघतो, मजुराला हातमोजे दिलेत का विचारतो. इथेही तसंच. कंपनी गार्डची निवड कशी करते, त्याचा पोलीस पडताळणी दाखला आणि फौजेचं रेकॉर्ड खरोखर तपासते का, प्रत्येक रायफल आणि प्रत्येक काडतूस कुठून निघालं, कोणत्या जहाजावर चढलं, कुठे उतरलं याची नोंद सलग आहे का, गोळीबाराचे नियम लेखी आहेत का, घटना घडली तर कोणाला किती वेळात कळवायचं हे ठरलेलं आहे का, विमा चालू आहे का, तक्रार करायची वाट आहे का. तपासनीस आधी कागद बघतो, मग पुन्हा येऊन त्या कागदाप्रमाणे काम होतंय का बघतो आणि गार्डांशी बोलतो. सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं, मधल्या वर्षांत देखरेखीच्या तपासण्या होतात.

इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात. आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाही सर्टिफिकेट देत नाही. ती फक्त मानक लिहिते. सर्टिफिकेट देतात वेगळ्या तपासणी संस्था, आणि त्या संस्थांना मान्यता देतात त्या-त्या देशांतल्या अधिमान्यता संस्था: ब्रिटनमध्ये यूकेएएस, आपल्याकडे दिल्लीतली एनएबीसीबी. मान्यता नसलेली संस्था चकचकीत कागद छापून देऊ शकते आणि तो भिंतीवर खऱ्यासारखाच दिसतो.

म्हणून सर्टिफिकेटच्या फोटोवर समाधान मानू नका. त्यावर सर्टिफिकेट क्रमांक, देणारी संस्था, अधिमान्यता संस्थेचं चिन्ह, मुदतीची तारीख आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'स्कोप', कामाची व्याप्ती, एवढं असायलाच हवं. व्याप्तीत 'जहाजावर सशस्त्र सुरक्षा कर्मचारी पुरवणे' असं काही नसून 'सुरक्षा सल्ला' किंवा 'प्रशिक्षण' एवढंच असेल, तर कंपनी ज्या कामासाठी तुम्हाला नेतेय ते काम त्या सर्टिफिकेटमध्ये नाही. कंपनीचं नाव आणि तुमच्या नेमणूकपत्रावरचं नाव अक्षरशः एकच आहे ना, हेही बघा. मूळ कंपनी लंडनमध्ये सर्टिफाइड आणि तुमचा करार कुठल्या तरी बेटावर नोंदलेल्या जवळपास त्याच नावाच्या दुसऱ्या कंपनीशी, असं असेल तर ते सर्टिफिकेट तुमच्या करारामागे उभं राहत नाही.

पडताळणी घरबसल्या होते. अधिमान्यता संस्थांच्या जागतिक संघटनेचं 'आयएएफ सर्टसर्च' नावाचं शोधसाधन आहे. तिथे कंपनीचं नाव घालून बघा. तिथे नोंद सापडली नाही तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेलाच दोन ओळींचा ईमेल करा: हा क्रमांक तुमचा आहे का आणि आज चालू आहे का. आपल्याला इंग्रजी ईमेल लिहायला अवघड वाटतं, मग शाळेतल्या मास्तरांना नाहीतर कॉलेजात शिकणाऱ्या भाचीला सांगा. दुसरी यादी जिनिव्हाच्या 'इंटरनॅशनल कोड ऑफ कंडक्ट असोसिएशन'ची. खासगी सुरक्षा कंपन्यांची आचारसंहिता २०१० मध्ये ठरली आणि ती पाळली जाते का हे बघायला २०१३ मध्ये ही संघटना उभी राहिली. तिच्या यादीत कंपनीचा दर्जा लिहिलेला असतो. प्रमाणित सदस्य वेगळा, नुसता संलग्न सदस्य वेगळा. एजंट दोन्हींना 'मेंबर' म्हणतो.

सर्टिफिकेट जिथे संपतं

समजा सगळं खरं निघालं. आता खरी अडचण सुरू होते, कारण कंपनीची व्यवस्था चांगली आहे एवढंच हे सर्टिफिकेट सांगतं. ज्या रायफलीवर तुमचा हात आहे ती त्या पाण्यात कायदेशीर आहे की नाही, याचं उत्तर त्यात नसतं.

'सीमन गार्ड ओहायो'चं प्रकरण प्रत्येक इच्छुकाने माहीत करून घ्यावं. सिएरा लिओनचा झेंडा लावलेलं हे जहाज, चाच्यांपासून व्यापारी जहाजांचं रक्षण करणाऱ्या पथकांना आणि त्यांच्या शस्त्रांना समुद्रात ठेवायला वापरलं जायचं. ऑक्टोबर २०१३ मध्ये तटरक्षक दलाने ते तमिळनाडूच्या तुतिकोरिनजवळ अडवलं. जहाजावर ३५ माणसं होती: १४ एस्टोनियाचे, ६ ब्रिटिश, ३ युक्रेनचे आणि १२ भारतीय. सोबत ३५ रायफली आणि पाच हजारांहून जास्त काडतुसं. भारतीय हद्दीत ही शस्त्रं ठेवायची परवानगी नव्हती, असं म्हणून शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मद्रास उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खटला पुन्हा चालवायला सांगितलं, जानेवारी २०१६ मध्ये तुतिकोरिनच्या न्यायालयाने सगळ्यांना पाच वर्षांची शिक्षा दिली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. शेवटी निर्दोष, हे खरं. पण अटकेपासून सुटकेपर्यंत चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत घरचे हप्ते कोणी भरले, हा प्रश्न निकालपत्रात नसतो.

शस्त्रांच्या कागदपत्रांची ही गोष्ट भुसावळ-वरणगावच्या माणसाला फार समजावून सांगावी लागत नाही. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसंच बनतात. तिथे नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, एक पेटी इकडची तिकडे करायला किती नोंदी लागतात. समुद्रावर त्या नोंदी तीन-चार देशांच्या असतात: झेंडा ज्या देशाचा त्याची गार्ड ठेवायला परवानगी, शस्त्र ज्या देशातून निघालं त्याचा निर्यात परवाना, ज्या बंदरात जहाज लागणार त्याचे नियम, आणि मध्ये रायफली ठेवायच्या तरत्या शस्त्रागाराची कागदपत्रं. तरतं शस्त्रागार म्हणजे अमिरातीतल्या फुजैराहजवळ किंवा लाल समुद्राच्या तोंडाशी उभी असणारी जुनी जहाजं. एका फेरीवरून उतरलेलं पथक दुसरं जहाज येईपर्यंत तिथेच थांबतं. नाव मोठं वाटलं तरी तिथलं राहणं बहुतेकदा अडचणीचं असतं. एका खोलीत दाटीने माणसं, मोजकं पाणी, मोबाइलला रेंज नाही.

कंपनीला विचारायचे प्रश्न यातूनच निघतात. जहाजाचा झेंडा कोणता, त्या देशाची सशस्त्र गार्डसाठी लेखी परवानगी आहे का? शस्त्र कोणाच्या नावावर, त्याचा क्रमांक आणि परवाना टीम लीडरकडे असेल का? रायफल कुठे हातात येणार आणि कुठे परत द्यायची? भारताच्या बंदराकडे जाताना शस्त्रं आधी उतरवणार की जाहीर करून कुलूपबंद करणार? या चारांची सरळ उत्तरं देणारी कंपनी कागदाला घाबरत नाही. 'ते सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त तयार राहा,' असं उत्तर आलं तर तुम्ही तयार न राहिलेलं बरं.

माणसं पाठवणारा कोण

कंपनी चांगली आणि मधला माणूस खोटा, हे तर आपल्याकडे नेहमीचंच. जो तुम्हाला पाठवतो त्याला तीनपैकी एक परवाना लागतो, तेव्हा कोणता आहे ते नावासकट विचारा. खलाशी म्हणून जहाजावर चढवत असेल तर डीजी शिपिंगचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना. त्यांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर असते आणि कार्यालय मुंबईत कांजूरमार्गला आहे. परदेशी कंपनीत नोकरीला पाठवत असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यंत्रणेत नोंदलेला भरती एजंट. आणि भारतातलीच सुरक्षा कंपनी थेट नोकरीवर घेत असेल तर २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखालचा, म्हणजे 'पसारा'चा परवाना. गार्डला कायद्याने खलाशी धरायचं की नाही, याबाबत वेगवेगळ्या झेंड्यांचे नियम वेगवेगळे आहेत, म्हणून हा प्रश्न आधी सोडवा. तीनही नसतील तर बोलणं तिथेच थांबवा, समोरचा आपल्या गावचा भाचेजावई असला तरी.

आरपीएसएल परवानाधारकाने खलाशाकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घ्यायचे नसतात. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), वैद्यकीय तपासणी असा स्वतःच्या कागदांचा खर्च आपला. बाकी 'सीट बुक करायला दोन लाख' ही लूट आहे. केळीचा हंगाम संपल्यावर घरात पैसा असतो, हे अशा लोकांना बरोबर माहीत असतं.

तुमचे स्वतःचे कागद कोणते लागतात ते थोडक्यात. फौजेचं डिस्चार्ज बुक, पासपोर्ट, पोलीस पडताळणी दाखला, डीजी शिपिंगचा इंडोस नंबर (खलाशाचा ओळख क्रमांक), एसटीसीडब्ल्यूचे मूलभूत सुरक्षा कोर्स (पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षितता) आणि जहाजाच्या सुरक्षेचं काम असणाऱ्यांसाठीचा कोर्स. हे कोर्स डीजी शिपिंगने मान्य केलेल्या संस्थेतच करा आणि मान्यता संकेतस्थळावर बघून मगच फी भरा. परदेशी सीमन बुक काढून देतो म्हणणाऱ्या दलालांपासून लांब राहिलेलं बरं. बंदरावर ते बनावट निघालं तर अटक तुम्हाला होते, दलालाला नाही. जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन या. ते तुम्हाला जहाजावर पाठवणार नाहीत, पण डिस्चार्ज बुकमधल्या नावा-जन्मतारखेचा गोंधळ कसा निस्तरायचा ते सांगतील. आपल्याकडे आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक नाही असा माणूस विरळाच.

करारात काय वाचायचं

जहाजमालक आणि सुरक्षा कंपनी यांच्यात बहुतेक ठिकाणी 'गार्डकॉन' हा ठरावीक नमुन्याचा करार वापरला जातो. बिमको या जहाजमालकांच्या संघटनेने तो मार्च २०१२ मध्ये आणला. तो करार तुमच्याशी नसतो. तरी त्यात काय आहे ते माहीत असावं, कारण गार्डचा अपघात विमा आणि कंपनीचा जबाबदारीचा विमा यांची सक्ती त्यात आहे आणि पथक किमान चार जणांचं असावं असं त्यात धरलं आहे. बाजारात आता तीन माणसांची पथकंही निघतात. तीन माणसं म्हणजे चोवीस तासांच्या पहाऱ्यात प्रत्येकाची झोप किती, याचा हिशेब फौजेतून आलेल्याला करता येतो.

तुमच्या करारात मात्र या गोष्टी शब्दांत असायला हव्यात. पगार महिन्याचा की फेरीचा? फेरीचा असेल तर तरत्या शस्त्रागारावर थांबलेल्या दिवसांचे पैसे मिळतात की नाही? बहुतेक भांडणं इथूनच होतात. घरी परतीचं तिकीट कोणाचं, आणि मधेच आजारी पडलात तर? विम्याच्या पॉलिसीचा क्रमांक, वारस म्हणून कोणाचं नाव, मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही धरलेत का, युद्धजन्य जोखीम त्यात आहे की वगळली आहे? अटक झाली तर वकील कोण देणार आणि तोवर पगार चालू राहील का? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, समोरचा म्हणेल काय अभद्र बोलतो. 'सीमन गार्ड ओहायो'वरच्या बारा भारतीयांना तो संकोच परवडला असता का, ते बघा.

युद्धजन्य जोखमीचं कलम आता जास्त महत्त्वाचं झालं आहे. सशस्त्र गार्ड कामाचे आहेत ते लहान बोटीतून शिडी घेऊन येणाऱ्या चाच्यांविरुद्ध. लाल समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांची क्षेपणास्त्रं आणि ड्रोन आले तर त्यापुढे रायफल काय करणार? जुलै २०२५ मध्ये 'इटर्निटी सी' हे जहाज हूथींच्या हल्ल्यात बुडालं, त्यावर तीन जणांचं सशस्त्र पथक होतं. त्या जहाजावरच्या सुरक्षेत भारतीय माजी सैनिकही होता. म्हणून मार्ग कोणता, हे लेखी घ्या. एडनच्या आखातातून आणि बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून जाणार असेल तर जोखीम निराळी आणि पैसेही निराळे हवेत. नुसतं 'इंडियन ओशन' लिहिलेलं मान्य करू नका.

गोळी कधी सुटते

फौजेत हुकूम वरून येतो आणि समोर शत्रू आहे हे ठरलेलं असतं. व्यापारी जहाजावर हे दोन्ही बदलतं. जहाजाचा सर्वेसर्वा कॅप्टन. टीम लीडर त्याला सल्ला देतो. बळ वापरण्याचा '१०० सिरीज' नावाचा नियमसंच २०१३ पासून या धंद्यात रुळला आहे. त्यात पायऱ्या आहेत: आधी कॅप्टनला सांगणं, मग भोंगा, दिवे, हात दाखवणं, शस्त्र दिसेल असं धरणं, मग इशाऱ्याच्या गोळ्या, आणि जिवावर बेतलं तरच स्वसंरक्षणात आवश्यक तेवढं बळ. प्रत्येक पायरीची वेळ नोंदवायची. चांगल्या कंपनीच्या प्रशिक्षणात या पायऱ्या घोटून घेतल्या जातात. दोन दिवस पीपीटी दाखवून सही घेत असतील तर ते प्रशिक्षण नव्हे.

हे इतकं का, ते फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्यापुढे दिसलं. 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या इटलीच्या नौसैनिकांनी 'सेंट अँटनी' या मासेमारी बोटीवर गोळीबार केला आणि दोन मच्छीमार गेले. ते नौसैनिक सरकारी होते, खासगी कंपनीचे नव्हते. म्हणून प्रकरण दोन देशांत गेलं, हेगच्या लवादाने २०२० मध्ये निकाल दिला आणि इटलीने दिलेल्या दहा कोटींच्या नुकसानभरपाईनंतर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते इथे बंद केलं. खासगी गार्डच्या पाठीशी असा देश उभा राहत नाही, एवढं लक्षात घ्या. आणि आपण तापी-सुकीच्या काठची माणसं. मासेमारी बोट कोणती आणि चाच्यांची स्किफ (छोटी वेगवान बोट) कोणती हे आपल्याला उपजत कळत नाही. बोटीत जाळी आहेत की शिडी आणि आकडे, माणसं किती, इंधनाची पिंपं किती, वेग अचानक वाढला का, हे शिकावं लागतं. कंपनी ते शिकवते का, हे विचारणं तुमचा हक्क आहे.

स्वतःची एजन्सी सर्टिफाय करायची असेल तर

जळगाव-भुसावळमध्ये गार्ड पुरवणाऱ्या बऱ्याच एजन्सी आहेत आणि त्यातल्या काहींना हे क्षेत्र खुणावतं. थोडं कडक सांगतो: २८००७ पासून सुरुवात करू नका. जहाजावर एकही पथक चढवलेलं नसताना तपासनीसाला दाखवायला काही नसतं, आणि कागदोपत्री 'तयार' सर्टिफिकेट विकणारे सल्लागार नेमके अशाच वेळी येतात. आधी पसारा परवाना पक्का करा, आयएमओची २०११ आणि २०१२ ची परिपत्रकं वाचा, डीजी शिपिंगची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, मग प्रमाणित कंपनीला नुसती माणसं पुरवणारा भागीदार म्हणून दोन-तीन वर्षं काम करा. या काळात प्रत्येक माणसाची पडताळणी, प्रशिक्षण आणि शस्त्राची नोंद सर्टिफिकेट मिळालेलंच आहे अशा शिस्तीने ठेवा. अधिमान्यता असलेली तपासणी संस्था निवडताना तिने पूर्वी सागरी सुरक्षेच्या किती कंपन्या तपासल्या, हे विचारा. बिस्किटांचे कारखाने तपासणारा तपासनीस तुम्हाला लवकर पास करेल, पण जहाजमालकाचा विमेवाला ते सर्टिफिकेट उचलणार नाही. या धंद्यात खरा ग्राहक तो विमेवालाच आहे.

     

आणि गार्ड म्हणून निघणार असाल तर निघण्याआधी घरी एक फाइल ठेवून जा. त्यात करार, विम्याची पॉलिसी, सर्टिफिकेटची प्रत आणि ते खरं असल्याचा आलेला ईमेल, एजंटाचा परवाना क्रमांक, टीम लीडरचं नाव, आणि जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक. जहाजाचं नाव आणि झेंडा बदलतो, हा क्रमांक बदलत नाही. जहाज बदललं की नवा क्रमांक घरी कळवा. काही झालं तर घरच्यांनी डीजी शिपिंगकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' यंत्रणेत तक्रार नोंदवायची, ती कशी नोंदवतात हे बायकोला किंवा मोठ्या भावाला निघण्याआधीच बसून दाखवा, आणि फाइल कपाटात कुलपात न ठेवता त्यांच्या हाताशी ठेवा.